तिच्या पायाचा फुगवटा

बूटमास्तरांनी लेकीचा पाय मांडीवर घेतला, नाडी सोडली आणि बूट अलगद उतरवला. रविवारी उपासनेहून परतल्यावर हे ठरलेलंच होतं. दुकान बंद, दार अर्धं उघडं, ती स्टुलावर आणि ते समोरच्या बुटक्या बाकावर.

"चावतो का कुठे?"

"आता नाही. सुरुवातीला फार चावायचा."

"नवऱ्याला सांगू नकोस. म्हणेल, सासऱ्याने जुने बूट दिले आणि वर फोडही दिले."

ती हसली.

बूट तिच्या आईचे होते, मास्तरांनीच शिवलेले. आई गेल्यावर ते कपाटात जाऊन बसले. पुढे एकदा मास्तरांनी ते बाहेर काढले, तर चामड्याला बारीक भेगा पडायला लागलेल्या. पायात नसलेलं चामडं लवकर मरतं, हे ते जन्मभर गिऱ्हाइकांना सांगत आले होते. तेल चोळून झालं, मेण लावून झालं. शेवटी त्यांनी लेकीला गळ घातली, मापाने पाय तुझाही तेवढाच आहे, रविवारपुरते तरी घालत जा. पहिल्यांदा त्या बुटांत पाय घालताना तिला रडू आवरलं नव्हतं.

चर्चच्या पाळकांनी मास्तरांना समजावून पाहिलं होतं. इथल्या वस्तू झिजायच्याच, त्यांत जीव अडकवू नका. तुमच्या बाईंना तिकडे स्वर्गात नवं शरीर मिळेल, त्यात दुखणं नसेल, व्यंग नसेल. मास्तरांनी तेव्हा मान डोलावली. घरी येताना मात्र ते लेकीला म्हणाले,

"व्यंगच नसेल, तर मी तिला ओळखू कसा? लोक चेहऱ्यावरून ओळखतात, मी पायांवरून. पहिल्यांदा दुकानात आली तीच पाय लपवत. एका पायाचं अंगठ्याजवळचं हाड हे एवढं बाहेर आलेलं. आधी त्या हाडाला जागा करून दिली, मग तिला."

आज मास्तरांचा अंगठा बुटाच्या आतल्या कडेवरून पुढे गेला, मागे आला आणि थांबला. त्यांनी दुसराही बूट उतरवला, त्यात हात घातला. मग दोन्ही बूट दाराच्या उजेडात धरले.

"तिच्या हाडाचा फुगवटा कुठे गेला?"

तिने वाकून पाहिलं. चामड्याच्या भेगा बुजल्या होत्या, चकाकी आली होती. तेलाने मऊ झालेलं चामडं रविवारमागून रविवार तिच्याच पायावर बसत गेलं होतं. दोन्ही बूट कडेने सारखे, गुळगुळीत होते.

"चामडं वाचवलं मी," मास्तर म्हणाले, "आणि तिला घालवून बसलो."

लेकीला स्वतःच्याच पायांचा राग आला.

मास्तर उठले. फळीवरून बुटात घालायच्या, पायाच्या आकाराच्या लाकडी फर्म्यांचा जोड काढला, कातडीचा एक तुकडा शोधला, तासून त्याला गोलाई दिली.

"पुन्हा ताणून काढतो. केवढं होतं ते या बोटांना पाठ आहे."

त्यांनी तुकडा एका फर्म्याच्या अंगठ्याशी धरला. मग काढून दुसऱ्याच्या अंगठ्याशी धरला. पुन्हा पहिल्याशी आणला.

"कोणता गं?" ते म्हणाले. "उजवा की डावा?"

तिने आठवून पाहिलं. गरम पाण्याचं घमेलं आठवलं, खांद्यावरचा टॉवेल आठवला, पाय पाण्यात सोडताना आईचं हुश्श करणं आठवलं. पाण्यात तर दोन्ही पाय असायचे. बाबा तिच्याकडे असे बघत होते की तिला नजर वळवता येईना.

"डावा," ती म्हणाली.

"नक्की?"

"नक्की. मीच नाही का चोळून द्यायचे."

मास्तरांचे खांदे सैल झाले.

"डावाच. डावाच होता," ते म्हणाले. "बघ, डोकं कसं झालंय माझं."

त्यांनी डाव्या फर्म्यावर तुकडा बसवला, बारीक खिळे लावले आणि हातोडी उचलली. ती अनवाणी पाय स्टुलाखाली ओढून बसून राहिली. ठोके पडायला लागले तशी तिने मान खाली घातली, डोळे मिटले आणि मनातल्या मनात म्हणाली, प्रभू, तिकडे तरी डावाच असू दे.