गिरिजाबाईंनी भरलेली ट्रंक

माझा हिरवा रंग आता पापुद्र्यांनी उडतो आणि कडी नावालाच उरली आहे. मित्रांनो, मी म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यात घडलेली एक जुनी पत्र्याची ट्रंक आहे. चामराजपुरमच्या सदाशिवरावांच्या घरी मी लग्नकार्यांत मिरवले, यात्राही केल्या. पण एका चैत्रातली भीती अजून माझ्या मनातून जात नाही.

सदाशिवरावांच्या सात वर्षांच्या तुंगाच्या काळजाला जन्मापासून भोक होते. बंगळूरला शस्त्रक्रिया ठरली. डॉक्टरांनी बजावले होते, मुलीला सर्दी झाली तर शस्त्रक्रिया करता येणार नाही. आणि हवा तर कशी! दुपारी भाजून काढणारे ऊन, संध्याकाळी गारांचा पाऊस.

तुंगाची आई गिरिजाबाई कपडे भरत होत्या. सुती झगे आत ठेवत, पुन्हा बाहेर काढत.

"स्वेटर बेडा अम्मा, नको! टोचतो," तुंगा कुरकुरली.

"सुम्मने बस गं, बोलू नको."

"उन्हाळ्यात स्वेटर कशाला?" सदाशिवराव म्हणाले.

"असू द्या हो. मला भीती वाटते."

त्यांनी स्वेटर मेणकापडात गुंडाळून तळाशी ठेवला.

मला बसच्या टपावर बांधले. रामनगरच्या पुढे आभाळ काळे झाले आणि गारा माझ्यावर ताडताड कोसळल्या. बिजागरीतून पाणी आत झिरपू लागले. ते मी अडवणार कशी? खाली तुंगाच्या खिडकीचा पडदाही फाटका होता.

बंगळूरला उतरली तेव्हा पोर ओलीचिंब, ओठ निळे पडलेले. गिरिजाबाईंनी बसस्टँडवरच मला उघडले. झगे भिजलेले होते. ते बाजूला फेकत त्या पुटपुटत होत्या, "देवा, देवा!" मेणकापड सोडले. स्वेटर कोरडा होता! अंगावरचा ओला झगा काढून तुंगाने तो निमूट घातला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तिची छाती तपासली. पाठीलाही नळी लावून ऐकले. मग म्हणाले, "छाती साफ आहे. उद्या करू."

शस्त्रक्रिया चालू असताना गिरिजाबाई दाराबाहेर माझ्यावरच बसल्या होत्या. त्यांच्या अंगाचा कंप माझ्या पत्र्यात उतरत होता. अखेर दार उघडले, पण त्यांना उठवेना. आत जाऊन आलेले सदाशिवराव म्हणाले, "ऊठ गं. पोर शुद्धीवर आली. पाणी मागते आहे."

चाकांच्या बॅगा आल्यापासून मी माळ्यावर आहे. कोणी कधी धूळ पुसली तरी मला पुष्कळ. पण मित्रांनो, परगावी निघताना आईने एखादा नकोसा कपडा कोंबला, तर तिच्याशी वाद घालू नका. तिला भीती वाटत असते. तो कपडा मुकाट्याने सोबत न्या.