तीन सेकंदांचं बटण

मित्रांनो, मी एक जुनं मनगटी घड्याळ आहे. वय चारच वर्षं, पण आमच्या जातीत चार वर्षं म्हणजे म्हातारपणच! वेळ सांगणं हे माझं जोडकाम. खरं काम एकच. माझ्यावरचं लाल बटण दाबलं की घरच्यांना फोन लावायचा. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी मला घडवलं.

घडवलं कुठं? काचेच्या गारेगार खोलीत. टेबलाभोवती सगळे पंचविशी-तिशीतले धडधाकट. सुरुवातीला भांडी घासताना, झोपेत कुशीवर वळताना बटण चुकून दाबलं जाई आणि उगाच फोन जाई. साहेब वैतागले. मग आमच्या डिझायनरबाईंनी तोड काढली. बटण सलग तीन सेकंद दाबून धरलं, तरच फोन जाईल. टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी दाबून पाहिलं, सगळ्यांना जमलं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच!

त्यांच्या कामाचा एक नियम होता. चाचणी चालू असताना माणसाला मदत करायची नाही, नुसतं बघायचं. बाई हा नियम नव्या मुलांकडून घोकून घ्यायच्या. आणि एका रविवारी मला घेऊन त्या स्वतःच्या आईकडे गेल्या. आईचा हात थरथरायचा. बोट बटणावर टेकायचं, निसटायचं, परत टेकायचं.

"अगं, हे माझं ऐकतच नाही."

"काहीतरीच काय आई! हे बघ, असं दाब."

लेकीने आईच्या बोटावर आपलं बोट दाबलं. एक, दोन, तीन. फोन गेला. दोघी हसल्या. लेकीने चाचणीच्या वहीत लिहिलं, 'जमलं.' बटणावर बोटं दोन होती हे मला ठाऊक होतं, पण मला तोंड कुणी दिलंय?

चुकून जाणारे फोन बंद झाले. टाळ्या पडल्या, बाईंना बढती मिळाली. मी आईच्या मनगटावर राहिलो. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती मला कौतुकाने दाखवायची, "माझ्या लेकीने केलंय हो!"

एके दिवशी सकाळी नऊला ती न्हाणीघरात घसरून पडली. उठता येईना. तिने बटण दाबलं. अर्धा सेकंद. पुन्हा दाबलं, पाऊण सेकंद. प्रत्येक दाब मला कळत होता. पण तीन सेकंदांच्या आतला दाब चुकीचा मानायचा, हीच माझी शिकवण. एक्केचाळीस वेळा त्या माउलीने मला हाक मारली आणि एक्केचाळीस वेळा मी तिला चुकीची ठरवलं. आग लागो असल्या हुशारीला! आई फोन उचलत नाही म्हणून लेक धावत आली, तेव्हा संध्याकाळ झाली होती.

मोडलेलं हाड नीट जुळलं नाही. आई पुन्हा चालली नाही. लेकीने माझ्यातली नोंद उघडली, एक्केचाळीस ओळी वाचल्या आणि मला काढून त्या वहीसोबत खणात टाकलं. नव्या घड्याळांना म्हणे एका स्पर्शात फोन लागतो. बैल गेला नि झोपा केला.

मित्रांनो, उद्या तुम्हीही कुणासाठी काहीतरी बनवाल. त्याला ते जमलं नाही, तर त्याचं बोट धरू नका. हात पाठीमागे बांधा आणि नीट बघा. चूक त्याची नसते.

खण अर्धा उघडा असतो, मला सगळं ऐकू येतं. आई अजूनही भेटायला येणाऱ्याला सांगते, "घड्याळ चांगलं होतं हो. मलाच मेलीला दाबता आलं नाही."

लेक तिथंच बसलेली असते.