चेअरमनच्या रक्ताची फॅट

डाळजच्या दूध संस्थेचे चेअरमन हिंदुराव यांना तालुक्यात कुणी भारी पडत नव्हतं. पडत होत्या फक्त संस्थेच्या ऑफिसच्या चार पायऱ्या. सत्त्याण्णव सालचा उन्हाळा सरत आला तसं दुसऱ्याच पायरीवर छातीवर कुणीतरी पाटा ठेवल्यासारखं व्हायला लागलं. मग ते तिथंच थांबायचे, मिशीवरून हात फिरवायचे आणि खाली जो कोण उभा असेल त्याला उगीचच झापायचे. लोकांना वाटायचं साहेब रागावलेत. रागावलेला चेअरमन चालतो, दम लागलेला चालत नाही. संस्थेची निवडणूक महिन्यावर आली होती.

"बारामतीला एकदा डॉक्टरला दावून या की," असं त्यांच्या बायकोनं, तानूबाईनं, चारदा सांगून पाहिलं.

"येडी का काय तू? माझी जीप त्या हृदयाच्या डॉक्टरच्या दारात हुबी ऱ्हायली, की मी आत जायाच्या आधी रावजीला कळतंय. मग काय बघायचं? चेअरमन चालला म्हणून गावभर बोंबलत फिरंल त्यो."

रावजी म्हणजे आधीचा चेअरमन. बारा वर्षांपूर्वी हिंदुरावांनी त्याला खुर्चीवरनं उठवलं होतं आणि तेव्हापासून तो रोज सकाळी दूध घालायला यायचा, तो दुधापेक्षा खुर्ची बघायलाच जास्त.

अशात हिंदुरावांचा मुलगा यशराज अमेरिकेहून परत आला. तो पुण्यात एका कंपनीत इंजिनियर होता आणि कंपनीनं त्याला तीन महिने तिकडं शिकायला पाठवलं होतं. लोकांची पोरं बापाला घड्याळ आणतात, या पोरानं तीन डबे आणले. प्रत्येक डब्यात तळहाताएवढं चपटं यंत्र, बोट टोचायची एक बारकी सुई, एक तक्ता आणि घडीचा इंग्रजी कागद. यंत्राच्या एका टोकाला रक्त घालायची खळगी आणि मधोमध थर्मामीटरसारखी पट्टी. रक्त घातलं की पंधरा-वीस मिनिटांत पट्टीवर जांभळा रंग चढायचा. जिथं थांबेल तो आकडा तक्त्यात बघायचा. एक यंत्र एकदाच चालायचं, मग फेकून द्यायचं.

"आबा, रक्तातली चरबी किती हाय त्ये कळतंय ह्यानं," यशराज म्हणाला. "कोलेस्टेरॉल म्हणत्यात. घरच्या घरी. डॉक्टर नको, बारामती नको, कुणाला कळायला नको."

"चरबी म्हंजी फॅट?"

"व्हय, फॅटच."

"मग झालं तर," हिंदुराव म्हणाले.

इथंच घोळ झाला. पोराला भिगवणहून पुण्याची गाडी धरायची होती, त्यामुळं किती आकडा चांगला आणि किती वाईट हे सांगायचं राहिलं. "कागदावर सगळं लिवलंय," म्हणत तो गेला. बापानंही विचारलं नाही. का विचारावं? ज्या माणसानं बारा वर्षं अख्ख्या गावाच्या दुधाची फॅट मोजली, त्याला फॅट जास्त बरी की कमी हे पोरानं शिकवायचं? म्हशीची फॅट आठ लागली की दर चढा, पाचवर आली की मालक तोंड लपवतो. हे शेंबड्या पोराला कळतं.

फॅट मोजायची म्हणजे गेणू आलाच. गेणू हा संस्थेचा सचिव. सकाळ-संध्याकाळ दुधाचे नमुने काचेच्या नळ्यांत भरायचे, त्यात ॲसिड घालायचं, नळ्या गरगर फिरवायच्या आणि वर आलेला चरबीचा थर डोळ्यांसमोर धरून आकडा सांगायचा, हे काम गावात त्याच्या एकट्याच्या हातात होतं. आणि त्याच्या हाताला एक गुण होता. चेअरमनच्या म्हशींची फॅट त्यानं कधी आठाच्या खाली येऊ दिली नाही. म्हशी आजारी असोत, आटायला आलेल्या असोत, पाऊस असो की ऊन, आठ म्हणजे आठ. रावजीच्या म्हशी मात्र कितीही सरकी खाऊन पाच-साडेपाचातच घुटमळायच्या. दोन लिटर दूध आणणारी मालनबाई रोज म्हणायची, "मास्तर, ती नळी जरा मलाबी दावा की," आणि गेणू रोज म्हणायचा, "तुला वाचाया येतंय का, मावशे?" तिच्या घरात दोन पदवीधर होते आणि ती स्वतः रात्रशाळेत शिकलेली होती. पण मागं रांग असायची, आणि रांगेला घाई असायची.

हे असं कर म्हणून हिंदुरावांनी गेणूला कधी शब्दानं सांगितलं नव्हतं. देवाशप्पथ नव्हतं. नुसतं एकदा-दोनदा खाकरले होते. हुशार माणसाला तेवढं पुरतं, आणि गेणू हुशार होता.

आपली फॅट मोठीच निघणार, मग ती लपवायची कशाला, म्हणून हिंदुरावांनी मोजणी गावासमोरच करायची ठरवली. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घालून झालं तरी कुणी घरी जाईना. गेणूनं ऑफिसच्या टेबलावर पांढरा टॉवेल अंथरला, वर ते अमेरिकेचं यंत्र ठेवलं. सुई बघून हिंदुरावांनी डोळे मिटले आणि "टोच की लेका, घाबरतोस काय?" म्हणून गेणूलाच दरडावलं. रक्ताचे थेंब खळगीत पडले. मग सगळा गाव भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत बसला. वेळ झाल्यावर गेणूनं यंत्र उचललं, नळी धरतो तसं डोळ्यांसमोर धरलं. हिंदुरावांचा चष्मा खिशात होता, पण मतदारांसमोर चष्मा लावायचा नाही हा त्यांचा नियम होता. गेणूनं एकदा यंत्र उजेडात फिरवलं, एकदा चेअरमनकडं पाहिलं, तक्त्यावर बोट फिरवलं आणि खणखणीत आवाजात सांगितलं,

"तीनशे चाळीस!"

टाळ्या पडल्या. कुणीतरी शिट्टी मारली. तीनशे चाळीस म्हणजे नक्की काय हे कुणाला ठाऊक नव्हतं, पण आकडा मोठा होता आणि चेअरमनचा होता.

"रावजी, ये की," हिंदुराव म्हणाले. "तुझीबी बघू. का सुईला भितोस?"

चार माणसांत असं म्हटल्यावर रावजी काय करणार? त्यानं बोट पुढं केलं. पुन्हा घड्याळ, पुन्हा तक्ता. गेणूनं या खेपेला आवाज जरा खाली घेतला. "एकशे साठ."

त्या दिवसापासून रावजीला गावात तोंड दाखवायला जागा राहिली नाही. पारावर त्याच्या रक्तात पाणी असल्याचं लोक बोलायला लागले. हिंदुरावांनी तर प्रचाराचा मुद्दाच सापडल्यासारखं केलं. "ज्याच्या सवताच्या रक्तात फॅट न्हाय, त्यो तुमच्या दुधाला काय फॅट लावणार?" असं ते वस्तीवस्तीवर विचारत सुटले. आपल्या आज्यानं मेंढरं राखली, बाप भाकरीवर दुधाची साय खाऊन वाढला, ही त्या साईची कमाई आहे, हेही सांगायला ते विसरत नव्हते. घरी त्यांनी तूप दुप्पट केलं. रोज संध्याकाळी मटणाचा रस्सा सुरू झाला. साडेतीनशेचा पल्ला गाठायचं त्यांच्या मनात होतं.

पुढच्या रविवारी पुण्याहून यशराजचा फोन आला.

"आबा, ते यंत्र वापरलं का? किती आलं?"

"तीनशे चाळीस!" हिंदुराव इतक्या जोरात म्हणाले की गोठ्यातली म्हैस वळून बघायला लागली. "आन त्या रावजीचं एकशे साठ. निम्मंबी न्हाय पुरतं."

पलीकडून यशराजनं तोच आकडा पुन्हा एकदा विचारून घेतला.

"आबा, खाली बसा आधी," यशराज म्हणाला. "आबा, ती दुधाची फॅट न्हाय. दोनशेच्या खाली पायजे ती. रक्ताच्या नळ्यांत थर बसतो चरबीचा. नळी तुंबली की हार्ट अटॅक येतो. तीनशे चाळीस म्हंजी... तुमी आजच्या आज बारामती गाठा."

हिंदुरावांनी फोन ठेवला तो दोनदा चुकून बाजूला. मग ते बाजेवर बसून राहिले. मगाचा रस्सा पोटात होता आणि त्याचं तूप आत्ता कुठल्या नळीत पोचलं असेल याचा हिशेब ते करत होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना स्वतःच्या शरीराची भीती वाटली, आणि खरी वाटली. मरायला ते तयार नव्हते. त्यातून निवडणुकीच्या आधी तर मुळीच नव्हते.

बारामतीला ते गेले नाहीत. मतदान आठ दिवसांवर होतं. तूप मात्र बंद झालं, मटण बंद झालं. मेथीच्या पाण्याबरोबर कोरडी भाकरी सुरू झाली, तीही दार लावून.

पण गावात पेपर वाचणारे होते, आणि लोणी देवकरला कारखान्यात जाणारी पोरं चार गोष्टी ऐकून यायची. मंगळवारपर्यंत कोलेस्टेरॉल म्हणजे काय हे पारावर पोचलं. रावजीची मान एका दिवसात ताठ झाली.

"माझं एकशे साठ," तो भेटेल त्याला थांबवून सांगू लागला. "चेअरमनचं तीनशे चाळीस, त्यांच्याच सचिवानं सांगितल्यालं. ह्या मानसाला पाच वर्षांसाठी मत देता व्हय? पाच म्हैनं तरी टिकंल का त्यो?"

हे मात्र झोंबलं. एक यंत्र शिल्लक होतं. हिंदुरावांनी बुधवारी सकाळी सगळ्यांसमोर पुन्हा बोट पुढं केलं. या खेपेला कुणी टाळ्या वाजवायच्या तयारीत नव्हतं. सगळी माना लांब करून बघत होती. वेळ झाली. गेणूनं पट्टी उचलली, चेअरमनकडं पाहिलं. हिंदुराव खाकरले. ते मुद्दाम खाकरले नव्हते, घसा कोरडा पडला होता. पण गेणूच्या बारा वर्षांच्या सवयीला त्यातला फरक कसा कळावा?

"एकशे पंचेचाळीस!" गेणू म्हणाला.

रावजीपेक्षा पंधरानं कमी. ऑफिस दणाणलं. कुणीतरी हार आणला. आठवड्यात तीनशे चाळीसाचं एकशे पंचेचाळीस कसं झालं हे मालनबाईनं विचारलं, पण तिच्या मागं रांग होती. गेणूनं यंत्र कागदात गुंडाळून वापरलेल्या ॲसिडच्या डब्यात टाकलं.

आणि खरं सांगायचं तर हिंदुरावांनाही ते पटलं. मेथीचं पाणी लागू पडलं असणार. हार गळ्यात घालून ते घरी गेले, दुपारी मोकळ्या मनानं जेवले, कपभर दूध जास्त घेतलं. चारला कागदावर सही करायला पुन्हा ऑफिसला निघाले. आणि दुसऱ्या पायरीवर तो पाटा छातीवर आला, आणि या खेपेला उतरेना. डावा हात जड झाला. आजूबाजूला झापायलाही कुणी नव्हतं.

कठडा धरून ते वर पोचले. आत गेणू एकटाच नळ्या धूत होता. हिंदुराव खुर्चीत बसले. बाराही वर्षांत गेणूशी ते असं बोलले नव्हते, आवाजच तसा निघाला.

"गेणू, हितं कोण न्हाय. खरं सांग. सकाळी किती हुतं?"

"एकशे पंचेचाळीस, आबा."

"आरं, खरं इचारतोय."

गेणूनं नळी खाली ठेवली. "मग एकशे पन्नास धरा."

"धरा म्हंजी? माझा जीव हाय ह्यो, गेणू! आन आदीचं? त्ये तीनशे चाळीस तरी खरं हुतं का?"

"आबा, तवा जास्त पायजे हुतं. म्हणून जास्त सांगितलं."

"त्ये सोड. पट्टीवर किती हुतं? डोळ्यानं काय दिसलं तुला?"

गेणूनं एकदा दाराकडं बघून घेतलं. मग चोरी कबूल करावी तसा हळूच म्हणाला, "आबा, रागावू नका. मी पट्टीकडं बघतच न्हाय. दोन्ही येळंला न्हाय बघितलं. पयल्या वर्षी नळीकडं बघायचो, पर त्यात काय दिसलं त्याचा उपयोग काय हुता? आता ती सवयच ऱ्हायली न्हाय. मानसाच्या तोंडाकडं बघतो आन आकडा सांगतो."

हिंदुरावांना त्याच्या थोबाडीत द्यायची होती. हात उचलेना. शर्ट पाठीला चिकटला होता. अख्ख्या गावात आपल्याला एक आकडा खरा सांगेल असा माणूस त्यांनी आठवून पाहिला, आणि ज्याला त्याला आपणच कधी ना कधी गप्प बसवलंय, एवढंच आठवलं.

"मग बघ," ते म्हणाले. शब्द तुटत होते. "बघ माझ्या तोंडाकडं. आन सांग."

गेणूनं मान वर केली आणि खरोखरच बघितलं. चेअरमनच्या ओठांचा रंग बघितला, कपाळावरून मिशीत उतरणारा घाम बघितला, छातीवर आवळलेली मूठ बघितली. आकडा त्यानं सांगितला नाही. ओले हात सदऱ्याला पुसत तो जीपची किल्ली घ्यायला पळाला.