फळ्यावरचं कारण

खानावळ बंद ठेवायची असली की बाबा बाहेरच्या फळ्यावर कारण लिहायचे. गिऱ्हाईक उपाशी परत जाणार, तर त्याला खरं कारण कळायला हवं, हा त्यांचा हट्ट. त्या दिवशी त्यांनी लिहिलं, 'उद्या बंद. समलिंगी मुलामुलींच्या मोर्चाचं जेवण करायचं आहे.'

"नुसतं 'बंद' लिहा ना," लेक म्हणाली.

"का गं? चोरी केलीय का?"

रोज जेवायला येणारा शिंपी हात धुताना हसला. "काका, म्हातारपणी पक्ष बदललात की काय?"

"पक्ष नाही, पातेलं बदललंय. मोठं आणलंय. ताट उचल आधी."

तेवढ्यात एका अनोळखी माणसाने फळ्याचा फोटो काढला आणि तो निघून गेला. लेकीने टेबल पुसता पुसता फळ्याकडे पाहिलं. ओल्या फडक्याने ती ओळ पुसणं सोपं होतं. पण मग बाबांनी 'एवढी का घाबरतेस?' असं विचारलं असतं, आणि त्याचं उत्तर ती पंधरा वर्षं गिळत आली होती. तिने फडकं टेबलावरूनच फिरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा भात उतरवत असताना दारातून दगड आले. तिसरा त्यांच्या कपाळावर बसला.

इस्पितळात परिचारिकेने त्यांच्या चेहऱ्यावर चादर ओढली आणि ती बाहेर गेली. लेकीने त्यांचा गार हात धरला.

"बाबा, मीही त्या मोर्चातल्या मुलींसारखीच आहे. मला तुम्हाला सांगायची भीती वाटली, म्हणून मी तुम्हाला तिथे एकटं उभं राहू दिलं."