सावधान न म्हटलेलं लग्न

मित्रांनो, मला दोन डोळे आहेत, एकाखाली एक. वरचा नुसता बघतो आणि खालचा टिपतो. वरच्याने पाहिलेलं खालच्याला मिळालं की नाही, हे रोल धुऊन होईपर्यंत मलाही कळत नाही. तुम्हीच सांगा, अशा जिवाने निर्धास्त कसं राहायचं? मी जुना कॅमेरा आहे, आणि माझा निम्मा जन्म धाकधुकीत गेला आहे.

माझा जन्म साता समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. माझं चामड्याचं आवरण तडकलं ते सोलापूरच्या उन्हाने, म्हणून मी स्वतःला सोलापूरचाच समजतो. साखर पेठेत आण्णांचा लहानसा स्टुडिओ होता. एका म्हाताऱ्या फोटोग्राफरकडून त्यांनी मला घेतलं. रोज सकाळी ते मऊ फडक्याने माझे डोळे पुसत आणि पुसताना स्वतःचा श्वास रोखून धरत. इतकं जपणारं माणूस मिळालं की भीती वाढतेच हो. याला आपण ऐनवेळी दगा दिला तर?

आमचं काम लग्नांचं. मांडवातली लग्नं सोपी असत. शेवटचं 'सावधान' झालं, अंतरपाट सरकला, की आण्णांचं बोट खाली यायचं. कधी दाबायचं ते जणू भटजीच सांगायचे. पण पुढे आमच्याकडे रजिस्टर लग्नंही येऊ लागली. ना मांडव, ना वाजंत्री. एक टेबल, एक साहेब आणि दोन हार. बाकीचे फोटोग्राफर आण्णांना चिडवत, "तितं काय काढणार ओ? टेबलखुर्ची?"

"मानसं काढतो की," आण्णा म्हणत. "मांडव तुमी काढा."

अशा लग्नात ते कुणाला 'इकडे बघा, हसा' म्हणत नसत. कोपऱ्यात उभं राहून, मान खाली घालून माझ्या माथ्यावरच्या काचेत बघत राहत. लोकांना वाटे, या माणसाचं काहीतरी हरवलंय. थोड्या वेळाने लोक आण्णांना विसरून जात, आणि आण्णांना तेच हवं असे. मला मात्र घोर लागायचा. सावधान म्हणायलाच कुणी नाही, मग नेमकी वेळ कळायची कशी?

एकोणीसशे चौऱ्याहत्तरचा मे महिना होता. मंगळवारच्या बाजाराला होटगीहून आलेली एक बाई रिकामी पाटी घेऊन पायरीवर उभी राहिली. चिमाबाई तिचं नाव. दोनदा रस्त्याकडे वळून बघितलं, मग आत आली.

"गुरुवारी माज्या वच्छलाच्या लग्नाचं फोटू काढनार ते तुमीच का?"

"व्हय मावशी. तुमी न्हाई का येनार?"

"कुटलं यायला! मालकांनी पोरीचं नाव घरात काडायचं न्हाय म्हनून सांगितलंय. मास्तरीन झाली, आन शाळंतल्याच एका मास्तरावर मन बसलं. मल्लप्पा. कानडी हाय, आमच्यातला न्हवं." तिने आवाज खाली आणला. "लोक म्हनत्यात, त्यानं भीती घालून न्हेली. रातभर डोळ्याला डोळा लागंना दादा. पोरगी खुशीनं जातीया का भिऊन जातीया, येवडंच मला फोटूत कळू द्या."

"हसताना काढू का?"

"नगं. हस म्हनलं की कुनीबी हसतंय."

"मग कळंल कशावरनं?"

"आता कसं सांगू? बगितल्यावर सांगन."

मित्रांनो, हे काम माझ्या आवाक्याबाहेरचं होतं. नवी साडी, हार, बाशिंग हे मला टिपता येतं. खुशी आणि भीती यांतला फरक एका काचेला कसा ओळखू यावा?

गुरुवारी कचेरीत पंखा कुरकुरत होता. वच्छला साध्या इरकली साडीत होती, मल्लप्पाने पांढरा नवा सदरा घातला होता. सही करताना तिची मान इतकी खाली, की मला फक्त भांग दिसला. हात थरथरत होता, की पंख्याच्या वाऱ्याने कागद हलत होता, ते कळेना. हार घालायची वेळ आली तेव्हा तिथला कारकून म्हणाला, "हसा की बाई! फाशी हाय का काय?" सगळे हसले, तीही हसली. आण्णांनी दाबलं खरं, पण मला माहीत होतं, हे सांगून आलेलं हसू आहे. बघता बघता बारा फोटोंचा रोल संपत आला. शेवटचा एक उरला.

"झालं की, आण्णा," कारकून म्हणाला. आण्णा मला छातीशी धरून बाहेर आले.

नवराबायको पायऱ्या उतरत होते. तेवढ्यात वच्छला थांबली.

"अहो सर, हे काय! नव्या सदऱ्याला शाईची बोटं पुसली?"

"दिसली नाही की शाई."

"आणि रुमाल कशाला दिलाय मी? खिशात पूजेला ठेवलाय?"

"चुकलं, बाई." शाळेतल्या पोरासारखे दोन्ही हात पुढे करून मल्लप्पा उभा राहिला. ती सदऱ्याचं टोक मुठीत धरून, भुवया आवळून त्याच्यावर खेकसत होती.

खट्ट!

"गेला रोल," आण्णा पुटपुटले. "आता त्या मावशीला काय दावू? भांडण?"

रोल धुताना तर माझा जीव थाऱ्यावर नव्हता. मे महिन्यात आमच्या नळाला जणू उकळलेलंच पाणी येतं. त्या पाण्यात फिल्मचा थर फुगतो आणि माणसांचे चेहरे वितळून जातात. आण्णांनी गोणपाटात गुंडाळून बर्फ आणला, भांड्याभोवती लावला, आणि तो वितळायच्या आत काम उरकलं. चेहरे वाचले.

मंगळवारी चिमाबाई आली. हाराचा फोटो तिने लगेच बाजूला सारला. "हितं हसवलंय." सहीचा घेतला. "मान खाली. कायबी कळंना." मग तिने एकेक फोटो उलटला. आण्णांनी शेवटचा फोटो तळाशी लपवला होता, तो तिनेच ओढून काढला.

ती बघतच राहिली. मग पदर तोंडाला लावला. खांदे हलू लागले.

"मावशी, त्यो जरा चुकून..." आण्णा चाचरले.

"रागावलीया!" ती हसत होती. "पीठ सांडलं की माज्यावर अशीच खेकसायची. भ्यालेलं मानूस असं खेकसतंय व्हय? परक्यावर येवडा हक्कानं राग येतोय व्हय?" आणि हसता हसता तिचे डोळे वाहू लागले.

"नव्या सदऱ्याला शाई पुसली म्हनून खेकसली," आण्णा म्हणाले. "ह्यो फोटू घिऊन जावा."

"घरी कुटं लपवू? हितंच ऱ्हाऊ द्या, पन आत. रस्त्याकडच्या काचंत नगं. मंगळवारी बगायला यीन."

पाटी उचलून ती पायरी उतरली आणि परत फिरली. "शाई निगाली का सदऱ्याची?"

"ते न्हाई इचारलं, मावशी."

"साबनानं न्हाय निगायची. लिंबू आन मीठ चोळ म्हनावं, आन उनात टाक. आईनं सांगितलंय म्हना."

आण्णांनी भर दुपारी दुकान बंद केलं आणि सायकल काढली.

मित्रांनो, आता माझ्या खालच्या डोळ्यावर बुरशीचं जाळं आलंय. नवे कॅमेरे आले, मला कुणी पुसत नाही. माझं राहू द्या. पण तुमच्या घरात जुने फोटो असतील, त्यांना ओले हात लावू नका, कडेने धरा. एखाद्यात कुणी रागावलेलं असेल, कुणाचं तोंड उघडं असेल. बिघडला म्हणून टाकण्याआधी घरात एकदा विचारा, हा कुणासाठी काढला होता?