डाव्या हाताची वही

पत्र्याचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात त्याला सगळे 'भोंगा' म्हणत. पाळी सुटल्याचा खरा भोंगा एकवेळ ऐकू यायचा नाही, पण ह्याचा आवाज थेट फाटकापर्यंत पोचायचा. वीस वर्षं पत्रा ठोकून कापणाऱ्या प्रेसवर काढलेली, त्यातली आठ मुकादम म्हणून. माणूस मनाने वाईट नव्हता, पण राग कायम नाकाच्या शेंड्यावर. घरीही तीच तऱ्हा. त्याची बायको एका शिंप्याकडे काज-बटणाचं काम करायची. "आमच्याकडे हाक मारत नाहीत, हुकूम सोडतात," असं ती शेजारणींना हसत हसत सांगे. ते हसणं वरवरचं होतं, हे शेजारणींनाही कळायचं.

एके दिवशी प्रेसचा ठोका त्याच्या उजव्या हातावर पडला. बोटं वाचली, पण पकड गेली. चार महिने घरी बसायची पाळी आली. शर्टाची बटणंसुद्धा बायकोने लावायची, आणि लावताना त्याने छताकडे बघत राहायचं.

हाताचे व्यायाम घेणाऱ्या बाईंनी त्याला सांगितलं, "उजवा ताळ्यावर येईपर्यंत डाव्याला कामाला लावा. रोज वहीचं एक पान भरायचं."

"भरू कशानं? मला काय लिहायचंय, कपाळ?"

"लिहू नका. काढा काहीतरी. समोर दिसेल ते."

घरी येऊन तो मोरीजवळ स्टूल टाकून बसला. समोर दिसत होता तो गळका नळ. एरवी त्याने तो दहा मिनिटांत दुरुस्त केला असता. आता नुसता ठिबकताना बघायचा. तासभर डाव्या हाताने झटापट करून त्याने वही बायकोपुढे धरली.

"अय्या, हत्ती!" ती म्हणाली, आणि लगेच जीभ चावली.

त्याने वही मिटली आणि दोन दिवस तिला शिवला नाही. आता ती केरात जाणार, असं ती धरून चालली होती. तिसऱ्या दिवशी बघते तर स्टूल पुन्हा मोरीपाशी. संध्याकाळी त्याने नवं पान दाखवलं. "आता?"

"आता नळच," ती म्हणाली. "पण आजारी."

भोंग्याला हसू फुटलं. आपल्या फजितीवर हा माणूस हसतो, हे लग्नाला बावीस वर्षं झाल्यावर तिला पहिल्यांदा कळलं.

मग रोज एक पान. खुंटीवरची पिशवी, झिजलेली चप्पल, खिडकीतून दिसणारी समोरच्यांची वाळत घातलेली चादर. रेघा वेड्यावाकड्याच होत्या, पण तो बघायचा कसा! एकेका वस्तूकडे डोळ्यात तेल घालून. चिडायला त्याला सवडच उरेना. एकदा चपलेचं चित्र काढता काढता म्हणाला, "अगं, तुझी उजवी टाच जास्त झिजते. गुडघा दुखतो का तुझा?"

"दुखतो की. तीन वर्षं."

"मग बोलली नाहीस ते?"

"बोलले होते," ती म्हणाली, आणि भाजी चिरायला वळली. दुसऱ्या दिवशी तो तिला दवाखान्यात घेऊन गेला.

एका रविवारी दुपारी ती काज करत बसली होती. तो समोर येऊन बसला. "हात जरा तसाच ठेव." तिला अवघडल्यासारखं झालं. सुई थांबवून हात कुणाला दाखवायची सवय नव्हती. बराच वेळ पेन्सिल चालली, मग एकदम थबकली.

"हा अंगठ्याजवळचा व्रण कधीचा?"

"झाली बारा वर्षं. कात्री लागली होती. पाच टाके पडले होते."

"मी कुठे होतो तेव्हा?"

"घरातच होतात. चहा निवला म्हणून ओरडत होतात."

 माफीबिफी मागणं त्याच्या जिभेला ठाऊकच नव्हतं. पण तो व्रण त्याने तीनदा पुसून चौथ्यांदा काढला, जसा होता तसा, वाकडा आणि चकचकीत. वही हातात घेऊन ती कितीतरी वेळ बघत राहिली. चांगलं चित्र म्हणावं असं त्यात काही नसेल, पण हात तिचाच होता.

चार महिन्यांनी तो कामावर गेला. आता प्रेस नाही, मुकादमकी नाही. त्याला गोदामात बसवलं. पहिल्या आठवड्यात तो घरी येऊन मुकाट्याने वही उघडायचा. सहा चित्रं काढली, सगळी प्रेसची. तिने विचारलं तर म्हणाला, "झाली की सांगतो."

त्याने सांगितलंच नाही. सांगितलं ते लंबूने, प्रेसवरच्या त्याच्या जुन्या सोबत्याने. तो शनिवारी धापा टाकत दारात आला. "वहिनी, ह्या माणसाने आज कमाल केली! पण नोकरी घालवून बसेल हो!"

तिने त्याला पाणी दिलं आणि खाली बसवलं. मग त्याने सगळं सांगितलं. प्रेसच्या तोंडाशी एक जाळी असते. ती खाली आल्याशिवाय ठोका पडत नाही. पण त्यात वेळ जातो, म्हणून जाळी वरच ठेवून तिचा खटका तारेने दाबून बांधायचा, मग हात आत असला तरी यंत्र थांबायचं नाही. भोंग्याचा हात गेला तो त्यामुळेच, आणि तार अजून तशीच होती. आज तो सहा चित्रं घेऊन मॅनेजरपुढे उभा राहिला. पहिल्यात जाळी, शेवटच्यात चेंगरलेला हात.

"आणि दुसऱ्या चित्रात तार बांधणारा माणूस कोण, सांगा बघू? हा स्वतः! मुकादम असताना ह्यानेच बांधली होती. मॅनेजर म्हणाले, यात तर तुमचीच चूक दिसतेय. तर हा शांतपणे म्हणतो, 'दिसायलाच हवी साहेब. ती वगळली तर चित्र खोटं पडेल.' आवाज चढवला नाही, वहिनी! आम्ही दाराबाहेर कान लावून होतो, तरी नीट ऐकू येईना!"

 तो घरी आला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "घाबरला नाहीत?"

"घाबरलो की.  पण चित्र काढताना चार दिवस स्वतःकडेच बघत होतो. मग साहेबांच्या डोळ्यांत बघायचं काय एवढं?"

आठवडाभर काहीच कळेना. मग एके सकाळी सगळ्या प्रेसवरच्या तारा कापल्या गेल्या. त्याला लेखी समज मिळाली, पण नोकरी राहिली. काम मंदावलं म्हणून दोघातिघांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. ते त्याने निमूट सोसलं.

महिन्याभराने त्याला घराच्या चाव्या द्यायच्या निमित्ताने ती कारखान्यात गेली. प्रेसशेजारच्या भिंतीवर ती सहा चित्रं काचेत लावलेली होती, काचेवर तेलकट बोटांचे ठसे. एक कामगार यंत्र सुरू करण्याआधी त्यांच्यापुढे थांबला, मान वर करून जाळी नीट आहे का ते त्याने पाहिलं, मग बटण दाबलं. जाळी खाली आली. ठोका पडला.

"काय बघताय ताई? कोण पाहिजे?" पहारेकऱ्याने विचारलं.

"ही चित्रं ज्यांनी काढली ना," ती पदर सावरत म्हणाली, "त्यांना भेटायचंय."