गाईडबाहेरची गोष्ट

सहामाहीच्या पेपरातला कथालेखनाचा प्रश्न रमाकांत सर चहा पिता पिता तपासून टाकत. गोष्ट त्यांनीच गाईडमधून फळ्यावर उतरवून दिलेली असायची आणि सिल्वासातल्या त्या मराठी शाळेची नववीची सगळी मुले ती पेपरात जशीच्या तशी लिहायची. प्रत्येकाच्या गोष्टीत तोच प्रामाणिक मुलगा, तीच हरवलेली अंगठी!

त्या वर्षी मात्र एक पान कोरे निघाले. ते होते सोनमचे. तिचे आईवडील धुळ्याकडून येऊन इथल्या कंपनीत लागले होते. टोकरखाड्याच्या चाळीत राहणारी ही पोर वर्गात तोंड उघडत नसे. उघडलेच, तर तिची अहिराणी ऐकून पुढच्या बाकांवर खसखस पिकायची.

कोऱ्या पानाचे कळल्यावर तिचा बाप समाधान शाळेत आला. "सर, तिला जमत नसंल तर सांगा. आमच्याकडं पॅकिंगला पोरी घेतात."

"बघू," सर म्हणाले. मनातून त्यांना वाटत होते, पोरीच्या डोक्यात काही शिरत नाही हे खरेच.

शेजारी बसलेल्या मंगलाबाई त्याच वर्षी चिपळूणहून इथे शिकवायला आल्या होत्या. समाधान गेल्यावर त्या म्हणाल्या, "सर, रागावू नका. पण वर्गातल्या एकाने तरी गोष्ट लिहिलीय का?"

"सोनम सोडून सगळ्यांनी लिहिलीय की!"

"उतरवलीय. पाठांतर परीक्षेपुरतं टिकतं. पण स्वतःचं म्हणणं नीट मांडता आलं, तर ते मूल पुढे कुठेही अडणार नाही. उद्याचा तास मला द्या."

सरांना राग आला. तरी तास दिला आणि स्वतः मागच्या बाकावर जाऊन बसले.

"धावत जाऊन कुणाला तरी सांगावंसं वाटलं, असं हल्ली काय घडलं?" बाईंनी विचारले.

मग सोनम खाली मान घालून पुटपुटली, "मन्ही बकरी कंपनीत गयी... अन् तीन होऊन आली."

वर्ग हसला. पण बाईही हसल्या, अगदी मनापासून! "अगं, हीच तर गोष्ट! पण शेवट आधीच सांगून टाकलास. सुरुवात कुठून करायची?"

"बकरी हा उपयुक्त प्राणी आहे..."

"तो निबंध झाला. गोष्टीत कुणाला तरी काहीतरी हवं असतं आणि ते सहज मिळत नाही. इथे कुणाला काय हवं होतं?"

"मायला बकरी. गाभण होती न ती."

आता सगळा वर्ग कामाला लागला. फळ्यावर घटना मांडल्या, पुसल्या, मागेपुढे केल्या. बकरी कंपनीच्या बसमध्ये चढली हे लगेच सांगायचे की लपवायचे? "लपवा!" पोरे ओरडली. भाषेचे काय? बाई म्हणाल्या, "सांगणारा प्रमाण मराठीत सांगेल, माय मात्र तिच्याच बोलीत बोलेल."

शनिवारी सोनमने गोष्ट वाचली. बकरी दिसेना म्हणून तिची आई सरुबाई घरोघर फिरते, "मन्ही बकरी दखी का?" म्हणून विचारते. तिकडे सावलीत उभ्या असलेल्या कंपनीच्या बसमध्ये मागच्या सीटखाली बकरी निवांत बसलेली. दुपारपाळीची बस भरते, निघते. गेटवर बकरी कामगारांबरोबर रांगेत उतरते आणि वॉचमन तिला अडवून गुजरातीत विचारतो, "आनुं कार्ड क्यां छे?" हिचे कार्ड कुठे आहे?

रमाकांत सर एवढे हसले की त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. निरोप मिळताच सरुबाई धापा टाकत गेटवर पोहोचते, तेव्हा वॉचमनच्या केबिनमध्ये बकरीपाशी दोन पिल्ले धडपडत उभी राहत असतात. गोष्ट तिथे आल्यावर सरांचे हसू थांबले. डोळे मात्र पुन्हा भरून आले. ज्या मुलीला आपण मठ्ठ समजत होतो, तिच्याकडे एवढे सांगण्यासारखे होते! आपण फक्त कधी विचारले नव्हते.

वर्ग टाळ्या वाजवत होता. पुढच्या बाकावरची गौरी वळून म्हणाली, "सोनम, तुझी आई कशी बोलते, ते परत वाच ना!"

सर त्याच दिवशी टोकरखाड्याला गेले. समाधान दारातच भेटला.

"सर, नापास झाली काय?"

"नाही हो. तिला शाळेतून काढू नका, एवढं मागायला आलोय. सोनम, वाच बेटा."

सोनमने वाचले. चाळीतली माणसे गोळा झाली. सरुबाई पदर तोंडाला लावून हसत राहिली, मग नवऱ्याला ठणकावून म्हणाली, "पोर शाळेतच जाई!"

समाधानने मान डोलावली. "जाई, जाई!"

वाचकहो, आपल्या घरातले मूल आज काहीतरी सांगायला धावत येईल. हातातले काम थोडे बाजूला ठेवा, त्याच्या बोलीला हसू नका, आणि विचारा, "मग पुढे काय झालं?" मुलांना दुसऱ्याची गोष्ट पाठ करायला लावणे म्हणजे शिक्षण नव्हे. त्यांची गोष्ट त्यांना मांडता येणे, हेच खरे शिक्षण!